श्वास मोजला का?



आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेचे पदवीधर आणि बँकेतले कारकून. मग दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत आलेल्या रुग्णाचे पुढे काय होणार, याचा अंदाज कसा बांधतात यावर आम्ही का बोलावे? कारण तो अंदाज शेवटी एका आकड्यात मांडला जातो, आणि आकडा काय सांगतो व काय सांगत नाही, हे पाहण्यातच आमची नोकरी चालली आहे. शिवाय रुग्णाला घेऊन त्या दारात उभे राहणारे आपणच असतो.

आपल्याकडे ज्याला 'सेप्टिक झाले' म्हणतात, त्याचे वैद्यकीय नाव सेप्सिस. न्यूमोनिया, लघवीचा जंतुसंसर्ग, चिघळलेली जखम, बाळंतपणानंतरचा ताप, सुरुवात कशानेही होते. जंतूंशी लढताना शरीराचाच तोल सुटतो आणि मूत्रपिंड, फुफ्फुस, मेंदू एकेक करून बिघडू लागतात. २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे साधारण एक.

अडचण अशी की पहिल्या काही तासांत हा आजार साध्या तापासारखाच दिसतो. न्यूयॉर्कमध्ये २०१२ साली बारा वर्षांच्या एका मुलाचा हात शाळेत खेळताना खरचटला. पुढे ताप आला, उलट्या झाल्या. इमर्जन्सी विभागाने पोटाचा विकार समजून घरी पाठवले, आणि मुलगा गेला. त्यानंतर २०१३ साली त्या राज्याने सर्व रुग्णालयांना सेप्सिस ओळखण्याचे व उपचारांचे नियम घालून दिले. त्या मुलाच्याच नावाने ते 'रोरीज रेग्युलेशन्स' म्हणून ओळखले जातात.

चूक टाळावी म्हणून डॉक्टरांनी गुण देण्याच्या पद्धती काढल्या. १९९२ सालच्या निकषांत ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी असे चार प्रश्न होते. पण त्यांतले दोन तर साध्या फ्ल्यूतही भरतात. २०१६ साली एक सुटसुटीत पद्धत आली, तिला क्यूसोफा म्हणतात. तिचे प्रश्न तीनच. श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त आहे का? रक्तदाबाचा वरचा आकडा १०० किंवा कमी आहे का? माणूस शुद्धीवर, नेहमीसारखा आहे का? यांपैकी दोन बाबी बिघडलेल्या असतील, तर धोका बराच वाढलेला आहे असे समजावे.

मित्रहो, तीनपैकी दोन प्रश्नांना यंत्र लागत नाही, म्हणून तिथे थोडे थांबू. श्वास मोजायला घड्याळ पुरते, पण पूर्ण मिनिटभर छातीकडे पाहत उभे राहावे लागते. गर्दीच्या विभागात ते मिनिट मिळत नाही, आणि केसपेपरवर न मोजताच १८ किंवा २० लिहिले जाते. हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आले आहे. लेजरच्या एका पानावर प्रत्येक ओळीत तोच आकडा दिसला, तर कोणताही कारकून पेन खाली ठेवतो. इथे मात्र त्याच आकड्यावर बेरीज पुढे जाते.

दुसरा प्रश्न शुद्धीचा. डॉक्टर त्या म्हातारीला आयुष्यात प्रथमच पाहत असतो. ती रोज कशी बोलते, हे तिच्या सुनेला ठाऊक असते. 'आई सकाळपासून असंबद्ध बोलते आहे' हे वाक्य तपासणीचाच भाग आहे. पण आपली माणसे संकोचतात, 'बाहेर थांबा' म्हटले की मुकाट्याने बाहेर जातात, आणि ते वाक्य कोणाच्या कानी पडतच नाही.

आता आकड्याची मर्यादा. गुण कमी आले म्हणजे धोका नाही, असे नव्हे. क्यूसोफाचे गुण बरेचदा उशिरा चढतात. म्हणूनच २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी चाळणी म्हणून केवळ त्यावर विसंबू नये असे सांगितले. संगणकाचेही तसेच. अमेरिकेतल्या शेकडो रुग्णालयांत वापरात असलेल्या एका संगणकीय अंदाजाची मिशिगनमध्ये तपासणी झाली. २०२१ साली आलेल्या निष्कर्षानुसार त्याने सेप्सिसचे सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण ओळखलेच नव्हते, आणि धोक्याची सूचना मात्र दाखल रुग्णांपैकी १८ टक्क्यांबाबत दिली होती.

आणखी एक गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते. काही पद्धतींत बोटाला लावायच्या चिमट्याने मोजलेला प्राणवायूही धरतात. २०२० साली अमेरिकेत असे आढळले की रक्तातला प्राणवायू खरोखर घटलेला असूनही चिमटा ठीक दाखवतो, आणि ही फसगत गोऱ्यांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होते. म्हणजे यंत्र ज्यांच्यावर बेतले, त्यांच्या कातडीचा रंग आकड्यात शिरतो. सावळ्या लोकांच्या देशात हे विसरून कसे चालेल?

बँकेत शंभर कर्जदारांपैकी साधारण किती थकतील, याचा अंदाज करता येतो. समोर बसलेला माणूस त्यांतला आहे का, ते त्यावरून कळत नाही. रुग्णांचेही तसेच. रक्तदाब औषधाने टिकवावा लागतो आणि रक्तातले लॅक्टेटही चढलेले असते, अशा सेप्टिक शॉकमध्ये शंभरात चाळीसहून अधिक दगावतात हे खरे. पण उरलेले वाचतात हेही तितकेच खरे. आकडा कोणाला आधी पाहायचे आणि किती वेळाने पुन्हा पाहायचे हे ठरवण्यासाठी आहे. 'गुण फार आहेत, घरी घेऊन जा' असे सांगण्यासाठी तो काढलेला नाही.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, घरचे कोणी तापाने फणफणत असताना गोंधळल्यासारखे बोलू लागले, धाप लागली, लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. ताप कधी आला, शेवटची लघवी कधी झाली, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे कागदावर लिहून न्या. आणि तिथे अदबीने, पण स्पष्ट विचारा: श्वास मिनिटाला किती भरला, आणि पुन्हा केव्हा मोजणार?