बाजाराची वाट कोणती?



आज या सभागृहात बसलेल्यांपैकी काही मुले-मुली लवकरच सोलापूर सोडतील. कोणी पुण्या-मुंबईला शिकायला जाईल, कोणी दुबईला वा रियाधला नोकरीसाठी जाईल, एखादा त्याहूनही दूर जाईल. परीक्षेची तयारी आपण त्यांच्याकडून कसून करून घेतो. परक्या शहरातले पहिले तीन-चार महिने कसे काढावेत, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. अनेक हुशार मुले त्या दिवसांतच खचतात आणि ट्रंक उचलून घरी परततात. म्हणून आज मी त्या दिवसांविषयीच बोलणार आहे.

इ. स. ६२२ साली मक्केहून हिजरत करून आलेले मुहाजिर मदिनेत पोचले, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकेका मुहाजिराचे एकेका अन्सारशी भाऊपणाचे नाते जोडून दिले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांच्या वाट्याला हजरत साद बिन रबी हे भाऊ आले. साद संपन्न होते. त्यांनी आपली अर्धी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुवा दिली आणि एवढेच विचारले, की येथला बाजार कोठे आहे? ते बनू कैनुका यांच्या बाजारात गेले आणि परतताना थोडे पनीर व तूप कमावून आले. पुढे ते मोठे व्यापारी आणि तितकेच मोठे दानी झाले.

मित्रहो, नव्या शहरात पाऊल टाकणाऱ्याने हा प्रश्न तोंडपाठ करावा. ओळखीच्या माणसाचा आधार पहिल्या रात्रीपुरता घ्यावा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः वाट विचारत बाहेर पडावे. भाजी कोठे मिळते, बस कोठून सुटते, मशीद कोठे आहे, दवाखाना कोठे आहे, हलाल जेवण कोणाकडे मिळते, हे आठ दिवसांत पायी फिरून माहीत करून घ्यावे. पायाखाली आलेला रस्ता परका राहत नाही. पासपोर्ट, प्रमाणपत्रे यांच्या प्रती वेगळ्या ठेवाव्यात. पहिल्या महिन्याचा खर्च पै-पैसा लिहून काढावा. उधारीने सुरुवात करू नये.

दुसरी गोष्ट भाषेची. विद्येसाठी चीनपर्यंत जावे लागले तरी जा, हे वचन आपण लहानपणापासून ऐकतो. हदीस म्हणून त्याची सनद कमकुवत आहे, असे मुहद्दिसांनी सांगितले आहे. परंतु एक सोलापूरकर खरोखरच चीनला गेला आणि तेथलाच झाला. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी आपल्या याच शहरात झाला. १९३८ साली जपानच्या आक्रमणाने होरपळणाऱ्या चीनच्या मदतीसाठी काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले, त्यात ते होते. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस होते. तेथला मुलूख अनोळखी, थंडी कडाक्याची, अन्न वेगळे, भाषेचे एक अक्षर ओळखीचे नाही आणि भोवती युद्ध. अशातच वडील वारल्याची बातमी आली. तरीही ते हाती घेतलेले काम टाकून परतले नाहीत.

ते चिनी बोलायला शिकले, वाचायला शिकले आणि पुढे विद्यार्थ्यांना चिनीतूनच वैद्यक शिकवू लागले. १९४१ साली डॉ. बेथून यांच्या नावाच्या इस्पितळाचे ते प्रमुख झाले. त्याच वर्षी क्वो छिंगलान या चिनी परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांना तेथेच मृत्यू आला. त्यांची कथा ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिली; तिच्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. भैय्या चौकातील त्यांचे घर आज स्मारक आहे. पालकांनी मुलांना एकदा तेथे जरूर न्यावे.

सोलापूरच्या मुलाला भाषेची भीती वाटण्याचे कारण नाही. घरी दखनी, शाळेत उर्दू वा मराठी, शेजारी तेलुगू, बाजारात कन्नड, अशा चार भाषांत तो वाढतो. फक्त परगावी गेल्यावर आपल्याच माणसांच्या खोलीत दार लावून बसू नये. आता तर मोबाइलवर रोज आईचा चेहरा दिसतो. ही अल्लाहची मेहरबानीच आहे. पण शरीर तिकडे आणि मन दिवसभर इकडे, असे झाले तर नवे शहर कधीच आपलेसे होणार नाही. घरी बोलण्याची एक वेळ ठरवा. उरलेला दिवस त्या शहराला द्या.

आणि कधी माघार घ्यावी लागली, तर लाज वाटू देऊ नका. बद्रुद्दीन तय्यबजी १८६० साली लंडनला गेले, तेव्हा ते कोवळ्या वयाचे होते. डोळ्यांच्या विकारामुळे १८६४ साली त्यांना परतावे लागले. पुढच्याच वर्षी ते पुन्हा गेले आणि १८६७ साली बॅरिस्टर झाले. मुंबईत १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत ते अग्रणी होते. लंडनमध्ये मिळविलेली विद्या त्यांनी अशी कौमच्या मुलांसाठी वापरली.

आता पालकांना एक विनंती. पहिल्या महिन्यात मुलगा किंवा मुलगी फोनवर रडेल. लगेच "परत ये" म्हणू नका. "जेवलास का?" एवढ्यावरही थांबू नका. "आज कोणाशी नवी ओळख झाली?" असे विचारा. मुलीच्या बाबतीत काळजी अधिक, हे मला समजते. म्हणून आधी स्वतः जाऊन वसतिगृह पाहा, तेथल्या बाईंना भेटा, समाधान करून घ्या. पण न पाहताच दार बंद करू नका.

शेवटी, आपलेही शहर कोणासाठी तरी परके असते. गिरण्या आणि मागांच्या काळात तेलंगणातून आलेली विणकर कुटुंबे येथलीच झाली. आजही बाहेरगावची मुले येथे शिकायला येतात. त्यांपैकी एखादे मूल आपल्या मोहल्ल्यात खोली शोधत आले, तर त्याला अन्सारांप्रमाणे वागवा. आपले लेकरूही त्याच वेळी कोठेतरी अनोळखी दारापाशी उभे असेल.

अल्लाह आपल्या मुलांचा प्रवास सुखरूप करो. खुदा हाफिज.