आजीचं कोरडं तोंड

लोकलमध्ये उभे असाल किंवा घरी भांडी घासत असाल, आज चार मिनिटं मला द्या. विषय आहे, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं तोंड ओलं कसं ठेवायचं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? मलाही वाटायचं.

माझी आजी शेवटचे दोन महिने अंथरुणावर होती. हळूहळू ती बोलेनाशी झाली. काही विचारलं की नुसती बघायची. आम्ही ठरवूनच टाकलं, आता तिला काही कळत नाही.

भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "अरे, घोटभर पाणी घाल की तिला." एका दुपारी मी घातलं. ती आडवी, अर्धवट झोपेत, आणि मी चमच्याने पाणी सोडलं. असा ठसका लागला की माझे हातपाय गळाले.

संध्याकाळी घरी येणाऱ्या नर्सताईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "पाणी पाजणं वेगळं, तोंड ओलं करणं वेगळं. तिला नीट गिळता येत नाही. पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. आता मोबाइलचा टॉर्च लाव आणि तिच्या तोंडात बघ."

बघितलं. जीभ चामड्यासारखी, वर तपकिरी थर. टाळूला पापुद्रे चिकटलेले. आणि कवळी? चार दिवस कोणी काढलीच नव्हती.

धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. पाणी कमी प्यायलं, तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, ऑक्सिजन लावला की तोंड सुकतं. ॲलर्जीच्या, नैराश्याच्या, लघवीच्या काही गोळ्यांनीही सुकतं. गोळ्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आता ताईंनी शिकवलं ते सांगतो.

आधी हात धुवा. उशा लावून डोकं उंच करा. बसवता येत नसेल तर कुशीवर वळवा. "आजी, तोंड पुसतोय हं," असं सांगा. झोपेत असली तरी सांगा. स्वच्छ गॉजचा तुकडा बोटाला गुंडाळा, पाण्यात बुडवा आणि घट्ट पिळा. पाणी टपकता कामा नये. मग गालांची आतली बाजू, हिरड्या, जीभ, टाळू हळूच पुसा. फार मागे जाऊ नका, उबळ येते. माणूस चावत असेल तर बोट घालू नका, लहान मुलांचा मऊ ब्रश वापरा. सुटा कापूस नको, त्याचे धागे तोंडात राहतात. पापुद्रे ओढून काढू नका. ओले करत राहा, आपोआप सुटतात.

ओठांना पातळ थर जेलीचा. ऑक्सिजन चालू असेल तर तेलकट काही लावू नका, पाण्यात विरघळणारं मलम नर्सला विचारून आणा. कवळी रात्री काढायची, घासायची, पाण्यात ठेवायची. लिंबू-ग्लिसरीन आणि अल्कोहोलवालं माउथवॉश टाळा, त्याने तोंड आणखी सुकतं, झोंबतं. पांढरे डाग दिसले, पुसल्यावर रक्त आलं, तर डॉक्टरांना दाखवा. ते बुरशीचं इन्फेक्शन असू शकतं, औषधाने बरं होतं.

किती वेळा? आम्ही जागेपणी दर दोन तासांनी करायचो. तोंड उघडंच राहायला लागलं तेव्हा त्याहूनही जास्त. फोनमध्ये अलार्म लावला होता. शेवटच्या दिवसांत सलाइन लावलं तरी तोंडाचा कोरडेपणा जाईलच असं नाही. तिथे हा ओला गॉजच कामाला येतो.

आपल्याकडे शेवटच्या क्षणी तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान ठेवतात. त्या एका थेंबासाठी सगळं घर धावतं. त्याआधीचे कितीतरी दिवस ते तोंड कोरडं असतं, तिकडे मात्र कोणाचं लक्ष नसतं. आमचंही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तोंड पुसून झालं आणि आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "चहा?"

तिला सगळं कळत होतं, मंडळी. जीभ टाळूला चिकटली होती, म्हणून बोलता येत नव्हतं.

ताईंना फोन करून विचारलं आणि कोमट चहात गॉज बुडवला, घट्ट पिळला, तिच्या जिभेवरून फिरवला. तिने ओठ चाटले. म्हणाली, "साखर कमी आहे."

घरी कोणी असं अंथरुणावर असेल, तर आज टॉर्च लावून एकदा बघा. भेटू पुढच्या भागात.