नितळ पाण्याचा भरवसा

(अवसरी बुद्रुक येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सुरुवातीलाच या टेबलाकडे बघा. चार छोट्या बाटल्या आहेत. तुमच्या पोरांनी आज दुपारी गावातल्या चार ठिकाणांहून त्यांत पाणी भरून आणले. बाटल्यांवर फक्त आकडे घातलेत. कोणत्या आकड्याचे पाणी कुठले, हे एका चिठ्ठीवर लिहिले आहे आणि ती चिठ्ठी अध्यक्षांच्या खिशात आहे. तिच्यात काय आहे ते मला माहीत नाही आणि व्याख्यान संपेपर्यंत मी विचारणारही नाही. बाटलीत आधीपासून थोडी औषधी पूड असते. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर ते एक-दोन दिवसांत काळे पडते. आत्ता मात्र चारही बाटल्यांतले पाणी सारखेच दिसते आहे.

माझा सगळा जन्म पाणी तपासण्यात गेला. लोक नमुना कशातून आणतील याचा नेम नसे. कोणी दारूच्या बाटलीतून, कोणी तेलाच्या डब्यातून, तर कोणी देव्हाऱ्यातल्या गडूतून. एकदा एक आजोबा आले. विहिरीचे पाणी स्टीलच्या बरणीत, वर स्वच्छ धुतलेले फडके बांधलेले. म्हणाले, "साहेब, तपासायचं काही नाही. आमच्या पणज्यानं हेच पाणी पिलंय. नातू शहरातनं आलाय, त्याच्या समाधानासाठी आणलं." पाणी खरोखर काचेसारखे होते आणि चवीला गोड. तपासणीत मात्र नापास झाले. आजोबांचा माझ्यावर विश्वास बसला नाही. त्यांचे काय चुकले? आपण सगळेच पाण्याची परीक्षा डोळ्यांनी आणि जिभेने करतो. गढूळ ते वाईट आणि नितळ ते चांगले, हा आपला हिशेब. आज मला या हिशेबाबद्दलच बोलायचे आहे.

प्रदूषण म्हटले की आपल्याला नदी दिसते. घोड नदीवर डिंभ्याचे धरण झाले, त्या जलाशयाला आपल्याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळच्या हुतात्मा बाबू गेनूंचे नाव दिले. कालवे आले, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, बागायत वाढली. पण वाहती नदी बंधाऱ्या-बंधाऱ्यांत थांबली आणि थांबलेल्या पाण्यावर शेवाळ आणि जलपर्णी आली. ती दिसते, म्हणून आपण तिच्याबद्दल बोलतो आणि वरच्या गावाला नावे ठेवतो. खालचे गाव आपल्याला ठेवते. शेवटी घोड भीमेला मिळते आणि भीमा उजनीतून पुढे पंढरपूरला जाते. आषाढीला आपली दिंडी निघण्याआधीच आपण सोडलेले पाणी चंद्रभागेत पोहोचलेले असते. असो. नदी हा मोठा विषय आहे, पण आपण थेट नदीचे पाणी पीत नाही. आपण पितो विहिरीचे, बोअरचे, नळाचे, जारचे. तिथली घाण दिसत नाही, म्हणून तिच्याबद्दल कोणी बोलत नाही.

विहीर खोदताना तुम्ही बघितले असेल: वर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाणी पाषाणात नसते. ते मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत असते. वाळूच्या जाड थरातून हळूहळू झिरपणारे पाणी बरेचसे गाळले जाते. आपल्या दगडात भेग सापडली की पाणी तिच्यातून गाळल्याविना पळते. पाणाडी ज्याला झरा म्हणतो, त्याच वाटेने शिवारातले बाकीचेही सगळे विहिरीत येते. म्हणजे विहीर स्वच्छ ठेवायची तर तिच्यावर जाळी टाकून भागत नाही. तिच्या वरच्या अंगाला काय आहे ते बघावे लागते.

आता एक छोटे गणित करू. युरियाचे पोते 45 किलोचे. त्यात 46 टक्के नत्र, म्हणजे साधारण 20 किलो 700 ग्रॅम. हे सगळे नत्र जमिनीत नायट्रेट झाले, तर नायट्रेट होते सुमारे 92 किलो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. भागाकार करा. एका पोत्यातले नायट्रेट वीस लाख लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत न्यायला पुरते. सव्वीस फूट व्यासाच्या विहिरीत सोळा फूट पाणी असेल, तर ते होते जवळजवळ अडीच लाख लिटर. एक पोते, आठ विहिरी! तुम्ही म्हणाल, सगळा युरिया काही पाण्यात जात नाही. बरोबर आहे. पीक खाते, काही हवेत उडतो. चौथा हिस्साच खाली गेला असे धरा, तरी एका पोत्याला दोन विहिरी. अडसाली उसाला शिफारसच हेक्टरी 400 किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी जवळजवळ आठ पोत्यांइतकी. शेजारच्याचा ऊस जास्त काळा दिसला की आपण आणखी एक पोते फेकतो आणि वरून पाटपाणी सोडतो. वर बटाट्याला आणि कांद्याला कोंबडखत आहेच. त्यातही नत्रच.

हे कोण्या एका गावाचे दुखणे नाही. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात देशातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर निघाले, आणि महाराष्ट्रात तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नमुन्यांत. नायट्रेटला रंग नाही, वास नाही. त्याचा सगळ्यात मोठा धोका तान्ह्या बाळाला. 1945 साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांच्या लक्षात आले, की शेतावरच्या विहिरीचे पाणी घालून ज्यांचे वरचे दूध केले जाते अशी काही बाळे निळसर पडताहेत. नायट्रेटचे पोटात नायट्राइट होते आणि मग रक्तातला प्राणवायू वाहून नेणारा पदार्थ कामाचा राहत नाही. आईच्या दुधातून नायट्रेट बाळापर्यंत फारसे जात नाही. म्हणून पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, या सल्ल्याला आपल्यासारख्या बागायती गावात एक जास्तीचे कारण आहे. आणि आपल्या घरातला हुकमी उपाय, पाणी उकळून घ्या, तो इथे उलटा पडतो. उकळल्याने पाण्याची वाफ होते, नायट्रेट भांड्यातच राहते. पाणी आटते आणि नायट्रेट दाट होते.

मग उकळायचे की नाही? उकळायचे, पण जंतूंसाठी. जंतूंची गोष्ट वेगळी आहे आणि घाईची आहे.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी इकडे माणसांच्या हातापायांतले बळ जाऊ लागले. धडधाकट माणूस आधी जुलाबाने आजारी पडायचा आणि काही दिवसांनी त्याला उभे राहता येईना. काहींना कृत्रिम श्वासावर ठेवावे लागले. हा गियां-बारे सिंड्रोम, वर्तमानपत्रांनी घराघरांत पोहोचवलेला जीबीएस. रुग्ण दोनशेच्या वर गेले, काही दगावले. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि संशयाचे बोट पाण्याकडे गेले. हा जंतू आतड्यात येतो, शरीर त्याच्याशी लढते, आणि लढता लढता कधी कधी आपल्याच नसांना शत्रू समजून बसते. शंभर जुलाबांत एखाद्यालाही असे होत नाही. पण पाणी हजारोंनी प्यायले, तर ते थोडेही पुष्कळ होतात.

कॅम्पिलोबॅक्टर राहतो कुठे? कोंबड्यांच्या आतड्यात, आणि कोंबडीला त्याचा बहुधा काही त्रास नसतो. आता माझ्यावर रागावू नका. आपल्या तालुक्यात कोंबडीपालनाच्या शेडवर कितीतरी घरे चालतात आणि ती चालावीत. मी सांगतो आहे ते इतकेच, की कोंबडखताचा ढीग विहिरीच्या वरच्या अंगाला उघड्यावर राहू नये आणि मृगाच्या आत त्याच्यावर कागद पडावा. नदीचे मूळ शोधू नये म्हणतात. विहिरीच्या बाबतीत ते शोधावेच लागते आणि पुष्कळदा ते आपल्याच गोठ्यामागे निघते.

दुसरे मूळ आपल्या संडासात. घरोघरी संडास झाले ही मोठी गोष्ट झाली, यात वाद नाही. पण दोन शोषखड्ड्यांच्या जागी एकच खोल खड्डा, तोही बोअरपासून दहा पावलांवर, असे मी कित्येक ठिकाणी पाहिले आहे. एका गृहस्थांनी मला अभिमानाने सांगितले, "पंधरा वर्षं झाली, टाकी उपसावीच लागली नाही." मी विचारले, मग जाते कुठे? ते हसले. मग गप्प झाले.

तिसरे मूळ नळात. हे जरा नीट ऐका, कारण टाकीत पाणी चांगले असून घरात खराब येते ते इथेच. गावाचा नळ दिवसातून तास-दोन तास चालतो. बाकीचा वेळ पाइप रिकामा असतो. पाइप गटाराच्या बाजूने गेलेला, कुठे सांध्यात चीर, कुठे व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सांडपाणी साचलेले. पाणी चालू असते तेव्हा चिरेतून ते बाहेर येते. पाणी बंद झाले की बाहेरचे आत शिरते. त्यात शेवटच्या घरांपर्यंत पाणी पोहोचत नाही म्हणून लोक नळाला मोटार लावतात. मोटार पाण्याबरोबर गटारही ओढते. शेजाऱ्याचे पाणी पळवले म्हणून भांडणे होतात. खरे तर ज्याने मोटार लावली, त्याच्याच घागरीत पहिले गटार येते. सकाळी सुरुवातीचे पाणी भांड्यांत न घेता सोडून देणाऱ्या आज्या मला नेहमी शहाण्या वाटत आल्या आहेत.

या वाटांनी येणाऱ्या पाहुण्यांत कावीळ फार लबाड. तिचा हेपॅटायटिस ई हा विषाणू पोटात गेल्यावर आजार दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. डोळे पिवळे होतात तेव्हा ज्या पाण्याने ते झाले ते पाणी कधीच वाहून गेलेले असते. मग नमुना तपासायला येतो, शुद्ध निघतो आणि सगळे सुटतात. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसे गेली, तेव्हा हाच विषाणू होता. बहुतेकांना तो पथ्यपाण्याने आपोआप सोडतो, आणि त्याचे श्रेय कावीळ उतरवणाऱ्याला मिळते. मी त्याच्या पोटावर पाय देत नाही. पण घरात गरोदर बाई असेल तर उतरवणाऱ्याकडे एक तासही घालवू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. शेवटच्या तीन महिन्यांत या काविळीने शंभरातल्या वीसपर्यंत बायका दगावतात.

हे टाळता येते का? येते, आणि ते फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. जर्मनीत एल्बे नदीवर हॅम्बर्ग आणि आल्टोना ही दोन शहरे इतकी चिकटून होती, की एका रस्त्याची एक बाजू एका शहरात आणि दुसरी दुसऱ्या शहरात. हॅम्बर्ग नदीचे पाणी न गाळता लोकांना देई. आल्टोना नदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बर्गची सगळी घाण मिसळल्यावरचे पाणी घेई, पण वाळूतून गाळून देई. 1892 च्या ऑगस्टमध्ये पटकी आली. हॅम्बर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसे मेली. रस्त्यापलीकडे, जास्त घाण पाणी घेणारे आल्टोना जवळजवळ सुटले. वरच्या गावाला शिव्या देणाऱ्यांना मी नेहमी ही गोष्ट सांगतो.

आपल्याकडे वाळूच्या जागी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर आहे. हजार लिटरला 5 ग्रॅम, आणि निदान अर्धा तास थांबून मग पाणी सोडायचे. पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो लागते. पावडर ताजी असते तेव्हा तिच्यात सुमारे 33 टक्के क्लोरीन असतो. गोणीचे तोंड उघडे राहिले, ओल लागली, की तो उडून जातो आणि पांढरा चुना उरतो. वहीत "टीसीएल टाकली" अशी नोंद होते. ती खोटी नसते, पण पाण्यात काही गेलेले नसते. म्हणून ओटी टेस्ट शेवटच्या घराच्या नळावर करायची. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन तिथपर्यंत पोचला. ही टेस्ट ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, टाकीच्या अगदी शेजारी करणारे जलसुरक्षकही, म्हणजे पाण्यात ही पावडर टाकणारे कर्मचारीही, मी पाहिलेत. त्यांचा दोष कमी, त्यांना मिळणाऱ्या मानधनाचा जास्त.

आरोग्य खाते वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देते. सलग पाच वर्षे हिरवे राहिले आणि साथ आली नाही, तर चंदेरी. इथे बसलेल्यांपैकी किती जणांना आपल्या कार्डाचा रंग ठाऊक आहे? हात वर करा... बरं. बैलगाड्याच्या घाटात पहिल्या नंबरात कोणाची बारी बसली, हे मी विचारले असते तर?

आणि हे वीस लिटरचे जार. त्यांतल्या आरओच्या पाण्यात नायट्रेट खरोखर कमी होते, हे मी मान्य करतो. पण त्यात क्लोरीन नसतो, म्हणजे राखणदार नसतो. जारमध्ये एकदा बोटे बुडाली की जंतूंना मोकळे रान. यात्रेतल्या बर्फाचेही तसेच. 2018 पासून आपल्या राज्यात न खाण्याचा बर्फ निळा करावा असा नियम आहे. लिंबू-सरबताच्या गाडीवर बर्फाचा रंग बघायची सवय लावून घ्या.

जलजीवन मिशनने प्रत्येक गावात पाच बायकांना तपासणी पेटी वापरायला शिकवायचे ठरवले. त्या पेटीत नायट्रेटची चाचणी असते. पाण्यात औषध टाकले की जितके नायट्रेट तितका गुलाबी रंग. मागे एका गावात एका ताईंनी आपल्याच घरची विहीर तपासली आणि रंग पाहून त्यांचे सासरे म्हणाले, "हे सरपंचाला सांगू नको." त्या म्हणाल्या, "सरपंचाला नाही सांगत मामंजी, तुमच्या युरियावाल्याला सांगते."

वेळ झाली. बाटल्या मी घेऊन जात नाही. त्या ग्रामपंचायतीच्या खिडकीत, सावलीत ठेवू. उष्मा आहे, त्यामुळे परवा संध्याकाळपर्यंत कळेल. तेव्हा अध्यक्षांनी चिठ्ठी उघडावी. मी तेव्हा इथे नसेन. पण मघापासून तुमच्या मंडळींनी माझ्यापुढे ठेवलेल्या या तांब्यातले पाणी मी पितोच आहे, आणि तेही त्या चार ठिकाणांपैकीच एकाचे आहे असे आत्ता मला कोणीतरी कानात सांगितले.