खोकल्याआधीची खूण

बाळाचा पापा घेतला की ओठाला खारट लागते, असे एखादी आई सांगते, तेव्हा जाणते डॉक्टर सावध होतात. सिस्टिक फायब्रोसिस या आजाराची ही जुनी ओळख. आई आणि वडील अशा दोघांकडून सदोष जनुक आले, तरच तो होतो. हे जनुक १९८९ मध्ये सापडले. पेशींतून होणारी मीठ-पाण्याची ये-जा बिघडते, घाम खारट होतो आणि फुफ्फुसातला कफ डिंकासारखा चिकट.

या कफात जंतू ठाण मांडतात. पण श्रोतेहो, फुफ्फुसाची बरीचशी नासधूस करतात त्या आपल्याच पांढऱ्या पेशी! न्यूट्रोफिल नावाच्या या पेशी जंतूंवर झुंडीने धावून येतात, तिथेच मरतात आणि त्यांच्यातून इलास्टेज नावाचे द्रव्य सांडते. फुफ्फुसाला लवचीक ठेवणारे तंतू ते खाऊन टाकते. पेंढाऱ्यांना हाकलायला आलेल्या फौजेनेच उभे पीक तुडवावे, तसा हा प्रकार.

ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी जन्मानंतर लगेच निदान झालेल्या बाळांच्या श्वासनलिकांत थोडे सलाईन सोडून, ते परत ओढून तपासले. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या महिन्यातच ज्यांच्यात इलास्टेज मोकळे आढळले, त्यांच्या श्वासनलिका तिसऱ्या वर्षापर्यंत रुंदावून खराब होण्याचा धोका कितीतरी अधिक होता. म्हणजे मूल हसत-खेळत असतानाही आत पडझड सुरू असू शकते. रुग्णाला ‘कसे वाटते?’ असे विचारणे आवश्यकच आहे, त्यासाठी खास प्रश्नावल्याही आहेत. पण केवळ त्या उत्तरावर विसंबता येत नाही.

मग हा दाह औषधाने विझवावा का? स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मुलांची वाढ खुंटली. आयबुप्रोफेनच्या मोठ्या मात्रेने फुफ्फुसांची घसरण मंदावते, हे १९९५ मध्ये दिसले. मात्र पोटाला आणि मूत्रपिंडाला जपावे लागते. पांढऱ्या पेशींना येणारी हाकच अडवणाऱ्या एका औषधाची चाचणी तर मध्येच थांबवावी लागली, कारण रुग्णांची फुफ्फुसे अधिकच बिघडू लागली.

२०१९ मध्ये अमेरिकेत मूळ दोषावरच काम करणाऱ्या तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला मंजुरी मिळाली. त्याने कफ इतका कमी होतो की, तपासणीला द्यायला अनेकांकडे बेडकाच उरत नाही! दाह मात्र कमी होतो, पुरता जात नाही. शिवाय किंमत सामान्यांच्या आवाक्यापलीकडची.

आपल्याकडे असे मूल पुष्कळदा न्यूमोनिया किंवा क्षयाचे म्हणून फिरत राहते. छातीचा आजार वारंवार उलटत असेल, वजन धरत नसेल, शौचाला तेलकट होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना घामातील मिठाच्या तपासणीबद्दल जरूर विचारावे. ती सुईविना होते.