पदवी हाती येण्यापूर्वी
(विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)

 

शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या वतीने दोन शब्द बोल, असे चिटणीस काकांनी सांगितले तेव्हा मी पटकन हो म्हटले. मागाहून वाटले, बोलायचे काय? अशा प्रसंगी आनंद झाला असे म्हणण्याची रीत आहे. आनंद आहेच. माझी आजी अंगठा उठवायची, आई सातवी शिकली आणि मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. पण त्या आनंदाच्या जोडीला भीती आहे. ती लपवली तर हे मनोगत खोटे ठरेल.

तीन वर्षे कोणी विचारले तर "कॉलेजला जाते" हे उत्तर पुरत होते. आता जिन्यात भेटणारी प्रत्येक मावशी विचारते, "मग, पुढे काय?" त्यात प्रेम असते, मला कळते. पण मनात येते, परीक्षा थोडी लांबली तर बरे. आणि लगेच लाजही वाटते, कारण आई पहाटे उठून चार घरचा स्वयंपाक करते ती माझी परीक्षा लवकर संपावी म्हणून.

मुलाखतींना जाणे सुरू झाले आहे. कोपरला जलद गाडी थांबत नाही आणि धीमी गाडी डोंबिवलीहूनच भरून येते. इस्त्रीचा ड्रेस ठाण्याला उतरेपर्यंत चुरगळलेला असतो. तेही एक वेळ चालेल. खरी अडचण पुढची आहे. एका ठिकाणी माझी निवड झाली आहे. पगार हातात तेरा हजार. काम कर्जवसुलीचे फोन करण्याचे. दोन दिवस नमुना म्हणून बसवले होते. आधी गोड बोला, मग आवाज चढवा, मग शेजारपाजाऱ्यांना कळेल असे सुचवा, असे तिथे शिकवले. वडील आजारी असताना आमच्या घरीही असेच फोन येत. आई फोन उशीखाली ठेवायची.

अष्टांगिक मार्गात सम्यक आजीविका आहे, हे आपण वर्षावासात ऐकतो. अंगुत्तर निकायात उपासकाने टाळायचे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. वसुलीचे फोन त्यात नाहीत. उलट, ऋण नसणे हे गृहस्थाचे एक सुख आहे असे भगवंतांनीच सांगितले. तेव्हा घेतलेले कर्ज फेडावे यात दुमत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या आईला घाबरवून माझ्या आईला साडी आणायची का, याचे उत्तर मला यादीत सापडले नाही. आई तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला मी हे आजवर सांगितले नव्हते.

या दिवसांत मी धनंजय कीर यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र पुन्हा वाचले. तुलना करण्याची माझी पात्रता नाही. पण त्यातला एकवीस वर्षांचा नुकताच बी.ए. झालेला तरुण यावेळी मला प्रथमच दिसला. जानेवारी १९१३ मध्ये भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. वडिलांना, सुभेदार रामजींना, त्यांचे तिकडे जाणे पसंत नव्हते. थोड्याच दिवसांत वडील आजारी असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला ते सुरतेला उतरले आणि गाडी चुकली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी गेले. आपण गाडीच्या वेळेवर जगणारी माणसे. त्या फलाटावर त्यांना काय वाटले असेल, हे कोपरकरांना सांगायला नको.

पुढे शिष्यवृत्तीसाठी त्यांनी संस्थानची दहा वर्षे नोकरी करण्याचा करार केला आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ साली करार पाळायला बडोद्यास परतले, तर एवढ्या विद्वान माणसाला राहायला जागा मिळेना. काही दिवसांतच शहर सोडावे लागले. पदवी मिळाली की सारे सुरळीत होते, असे आम्हा मुलांना भाषणांतून सांगतात. त्यांचे झाले नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे बाजूला टाकले आणि १९२० साली उरलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला गेले. नोकरी आणि शिक्षण यांपैकी एकच निवडायचे असते, ही माझी समजूत इथे सैल झाली.

सरकारी नोकरीच्या परीक्षाही मला द्यायच्या आहेत. त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र लागते आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला गावच्या शाळेतून काढायला आम्हाला तीन खेपा पडल्या. १९५६ साली जे नाव मागे टाकले तेच नाव त्या जुन्या कागदावर सापडले, तेव्हा आम्ही सुटकेचा श्वास सोडला! हसावे की रडावे? पण हा हक्कही सहज आलेला नाही. केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत, म्हणजे रेल्वे, पोस्ट, बँकेत, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती १९९० साली मिळाल्या. धम्मदीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. त्या काळात केवळ 'बौद्ध' लिहिले म्हणून संधी हुकलेली माणसे या सभागृहातही असतील. त्यांनी ते दिवस आम्हा मुलांना एकदा सांगावेत.

मंडळाला माझी विनंती आहे. ट्रॉफी दिलीत, आभारी आहे. पण महिन्यातून एका रविवारी विहारात वैधतेचे अर्ज भरून देण्याची सोय करा. रेल्वेत, बँकेत असलेले दादा-ताई तासभर आमच्याशी बोलले तर क्लासची फी वाचेल. आणि कुणाला नोकरी लागल्याचे कळले तर पगाराच्या आधी काम काय आहे, ते विचारा.

त्या कंपनीने सोमवारपर्यंत कळवायला सांगितले आहे. उद्या सोमवार. आई, घरी गेल्यावर बोलू.

 नमो बुद्धाय, जयभीम!