हरिहरेश्वरला जाताना
(सहलीच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवर केलेलं भाषण)



उद्या पहाटे पाचला बस गेटवर येईल. हरिहरेश्वरला आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं. प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून समुद्राकाठच्या कातळावरून जाते. लाटांनी कोरलेली तिथली खडकांची जाळी जरूर पाहा.

पण ही वाट ओहोटीचीच! भरतीत पाणी कातळावर चढतं. तिथून माणसं वाहून गेलेली आहेत. कोकणातला हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. उद्या अष्टमी, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. म्हणून प्रदक्षिणा अकराला. तरीही गावकऱ्यांना विचारूनच उतरायचं. फोटोसाठी कुणी मागे रेंगाळू नका, मुलांचा हात सोडू नका.

दुपारी श्रीवर्धन, पेशवे बाळाजी विश्वनाथांचं गाव.