आधी पाटा, मग वरवंटा

यांत्रिक कळफलक म्हणजे ज्याच्या प्रत्येक कळीखाली स्प्रिंग असलेला स्वतंत्र स्विच बसवलेला असतो असा कळफलक. त्याची चर्चा बहुधा स्विचच्या रंगापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. जर्मनीच्या चेरी कंपनीने रूढ केलेल्या या रंगांपैकी लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी वाटेत बोटाला हलका अडसर जाणवून देतो आणि निळा त्या अडसराबरोबर टक् असा आवाजही करतो. त्यांना लागणारा जोर अनुक्रमे 45, 55 आणि 60 सेंटिन्यूटन, म्हणजे जवळपास तितक्याच ग्रॅमच्या भाराएवढा, असतो. आकडे खरे आहेत, पण सगळी खरेदी त्यांच्या भरवशावर करणे भाबडेपणाचे ठरते.

लाल स्विच 2 मिलिमीटर दाबला गेला की अक्षर उमटते, परंतु भरभर चालणारे बोट तेथे थांबत नाही. ते उरलेले 2 मिलिमीटरही उतरून तळाला आपटते, आणि तो आघात झेलते ती स्विच ज्यात रोवलेले असतात ती पट्टी, तिच्याखालचे सर्किट आणि या सर्वांना धरणारा सांगाडा, म्हणजेच कळफलकाची बैठक. वरवंटा कितीही सुबक असला तरी पाटा डुगडुगत असेल तर चटणी नीट वाटली जात नाही. येथे स्विच हा वरवंटा आहे आणि बैठक हा पाटा. स्वस्त कळफलकात सर्किट मोजक्या स्क्रूंवर टेकलेले असते, त्यामुळे स्विच सगळीकडे एकच असूनही स्क्रूजवळची कळ टणक लागते आणि दूरची किंचित लवते. पाटा झिजून गुळगुळीत झाला की वाटण नुसते सरकते. एबीएस प्लॅस्टिकच्या कळटोप्याही घर्षणाने अशाच तुळतुळीत होतात, पीबीटी या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या टोप्या अधिक काळ खरखरीत राहतात, आणि फरक इतकाच की पाट्याला टाकी लावून घेता येते, टोपी मात्र बदलावीच लागते. आयबीएमच्या मॉडेल एम या कळफलकाची आजही वाखाणणी होते, ती त्याच्या वाकणाऱ्या स्प्रिंगइतकीच पोटातल्या जाड पोलादी पत्र्यामुळे.

मराठी टंकलेखकाला तर बैठक अधिकच जाचते, कारण इनस्क्रिप्ट मांडणीत ख, घ, थ, ध, फ, भ ही अक्षरे शिफ्ट दाबल्याखेरीज उमटत नाहीत. शिफ्टची कळ रुंद असते. ती टोकाशी दाबली तरी समतल उतरावी म्हणून तिच्याखाली स्टॅबिलायझर, म्हणजे दोन्ही बाजू जोडणारी तारेची कमान, असते, आणि ती सैल किंवा कोरडी राहिली की ओळीओळीला खडखडते. पुन्हा सांगायचे ते एवढेच की आधी बैठक, मग रंग. श्रोत्यांनी दुकानात शिफ्टची कळ एकदा डाव्या आणि एकदा उजव्या टोकाला दाबून पाहावी, आणि ती खडखडली तर स्विचचा रंग विचारूच नये.